कोचिंगमध्ये उतरण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. कॉलेजचा शेवटचा सीझन संपला, आता कोचिंगमध्ये उतरून एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) गाठायची आहे, आणि आईबाबांच्या ते गळी उतरत नाही. माझं मत विचारलंस म्हणून मोकळेपणाने सांगतो. जरूर जा, पण हेड कोच व्हायचं म्हणून जाऊ नकोस. संघ ३२, म्हणजे त्या खुर्च्याही ३२च. असिस्टंट मात्र प्रत्येक संघात डझनाहून अधिक असतात, आणि खेळाडू रोज घडतो तो त्यांच्याच हाताखाली. हे काम आयुष्यभर करायला आवडेल का, ते आधी ठरव.

सुरुवात बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून, म्हणजे कॉलेजच्या संघात शिकता शिकता मदतनीस कोच म्हणून होते. मास्टर्सची फी सुटते, वर खर्चापुरते तुटपुंजे पैसे. मग कुणा कोचने शब्द टाकला तर एनएफएलमध्ये क्वालिटी कंट्रोल कोच (फिल्म आणि नोंदी सांभाळणारा), पुढे पोझिशन कोच (एकाच जागेच्या खेळाडूंचा), आणि जमलं तर कोऑर्डिनेटर (सगळ्या आक्रमणाचा किंवा बचावाचा प्रमुख). पुढे नामवंत हेड कोच झालेले बिल बेलिचिक १९७५मध्ये बाल्टिमोर कोल्ट्स संघाकडे लागले तेव्हा आठवड्याला २५ डॉलर मिळायचे, आणि काम काय, तर फिल्म बघून टिपणं काढायची.

ते काम आजही तसंच आहे. प्रतिस्पर्ध्याचे मागचे सामने घ्यायचे आणि एकेक प्ले, म्हणजे एकेक चाल, नोंदवायचा: कितवा डाउन (दहा यार्ड सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी), किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानावरच्या खुणांच्या ओळीवर), रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) किती, टाइट एंड (अडवणारे आणि पासही झेलणारे) किती, स्नॅपआधी, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याआधी, कोण हललं, बचावाने कुठलं कव्हरेज (पास अडवायची मांडणी) लावलं. एका सामन्यात असे शंभरावर प्ले. मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असते, तेव्हा याच नोंदींवर गेम प्लॅन उभा राहतो. बहुतेक संघांत बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनचा सराव, गुरुवारी तिसऱ्या डाउनचा, शुक्रवारी रेड झोनचा (गोललाइनजवळच्या वीस यार्डांतल्या खेळाचा). त्यासाठी प्रतिस्पर्ध्याचे प्ले कार्डांवर काढून स्काउट टीमच्या (सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या आपल्याच खेळाडूंच्या) घोळक्यात धरायचे, तेही तुझ्यासारख्या नव्या पोरानेच. एक रेघ चुकली तर आपला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) चुकीचं शिकून रविवारी मैदानात उतरतो.

फिल्म बघताना चेंडूमागे जाऊ नकोस, गार्डकडे, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूकडे बघ. जमिनीवर टेकलेल्या हातावर भार आलाय, बोटांची पेरं पांढरी पडलीत, तर तो पुढे झेपावणार, बहुधा रन, म्हणजे चेंडू घेऊन पळण्याची चाल. भार टाचांकडे गेला असेल तर पास टाकणाऱ्याला वाचवायला मागे सरणार. हे तुला शिकवायला नको, तू लाइनबॅकर म्हणून हेच वाचत आलास. म्हणूनच मला वाटतं, तू ऑफेन्सिव्ह लाइनच्या (आक्रमणाच्या पुढच्या पाच जणांच्या फळीच्या) खोलीत, म्हणजे त्यांच्या कोचिंगमध्ये शिरावंस. बचावाला काय दिसतं हे ठाऊक असलेला माणूस तिथे फार उपयोगी पडतो, कारण गार्डला हीच खूण लपवायला शिकवावी लागते.

त्या खोलीतला मला सर्वांत आदर वाटणारा माणूस म्हणजे डॅन्टे स्कार्नेकिया. न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये तीन दशकांहून जास्त काळ, पाच सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकले. २०१३च्या सीझननंतर निवृत्त झाले, तर संघाने २०१६मध्ये पुन्हा बोलावून घेतलं. कायमचे हेड कोच कधी झाले नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीत काही उणं राहिलं असं मला मुळीच वाटत नाही.

आता कठीण भाग. सीझन संपल्यावरच्या सोमवारी हेड कोचची हकालपट्टी झाली की बहुतेक स्टाफ त्याच्यासोबत जातो. तुझ्या फळीतल्या पाच पोरांनी वर्षभर क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्या खेळाडूला) हात लागू दिला नसला तरी नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो. मग घर हलवायचं, मुलांच्या शाळा बदलायच्या. नामवंत हेड कोच अँडी रीड यांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेट, नॉर्दर्न अॅरिझोना, एल पासो आणि मिझुरी अशी चार कॉलेजं पालथी घातली, तेव्हा १९९२मध्ये एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्स संघात पोहोचले. (तिथून १९९९मध्ये ते फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे हेड कोच झाले, मधली कोऑर्डिनेटरची पायरी न चढताच.) लग्नाचा विचार करशील तेव्हा हे सगळं त्या मुलीला स्पष्ट सांग.

मास्टर्स शिक्षणशास्त्रात कर. इथल्या हायस्कूलचे बरेच कोच शिक्षकच असतात, त्यामुळे एनएफएल नाही जमली तरी मैदान सुटणार नाही. एनएफएलच्या बिल वॉल्श फेलोशिपचीही चौकशी कर. अल्पसंख्याक समाजांतल्या कोचना ट्रेनिंग कॅम्पमध्ये संघाबरोबर काम करता यावं म्हणून ती १९८७पासून चालू आहे. जानेवारीत कोचेस असोसिएशनचं अधिवेशन असतं, तिथे जाच. नुसता रेझ्युमे वाटत फिरू नकोस. एका संघाच्या तिसऱ्या डाउनचा तू केलेला अभ्यास, दोन-तीन पानांचा, हातात ठेव. मसुदा आधी मला पाठव, मी बारकाईने बघेन.

आईबाबांशी मी बोलतो. पण पहिल्या दोन वर्षांत किती पैसे मिळणार, तो आकडा त्यांना तूच सांग, आणि मी बोलण्याआधी सांग.

तुझा,
काका