पायलट व्हायला डिग्री लागतेच का?

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे, त्याला पायलटच व्हायचंय, दुसरं काही बोलतच नाही. मी म्हणते आधी डिग्री घे मग काय ते विमान उडव, त्याचे बाबा म्हणतात डिग्रीत तीन-चार वर्षं फुकट जातील. डिग्री नसेल तर एअरलाइनवाले घेतात का? घरात रोज यावरून वाद होतो.
– एक आई

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट वेगळी करूया. लायसन्स वेगळं आणि नोकरी वेगळी. लायसन्सला डिग्री लागत नाही. कमर्शियल लायसन्सला वय १८ पूर्ण, क्लास वन मेडिकल म्हणजे पायलटची सगळ्यात कडक वैद्यकीय तपासणी, थिअरीचे पेपर आणि उड्डाणाचे तास लागतात, काही देशांत बारावीला फिजिक्स-मॅथ्स असावं लागतं. पुढे कॅप्टन व्हायला जे एटीपीएल, म्हणजे एअरलाइन पायलटचं वरचं लायसन्स लागतं, त्याला आंतरराष्ट्रीय नियमानं वय २१ आणि १५०० तास, तिथेही डिग्रीचं नाव नाही.

नोकरीत मात्र ज्या त्या कंपनीची मर्जी. अमेरिकेत मोठ्या एअरलाइन्स वर्षानुवर्षं चार वर्षांची डिग्री मागायच्या, पण डेल्टानं २०२२ च्या सुरुवातीला ती सक्ती काढली, आता असेल तर चांगलं एवढंच. तिथे एअरलाइनमधे को-पायलटलाही १५०० तास लागतात, पण मान्यताप्राप्त कॉलेजातून एव्हिएशनची डिग्री घेतली तर १००० तासांवरच को-पायलट होता येतं, म्हणजे डिग्रीचा थोडा फायदा आहेच.

मी बरीच वर्षं ग्राउंड क्लासला, म्हणजे पायलटच्या थिअरीच्या वर्गाला, नेव्हिगेशन शिकवते म्हणून सांगते, कॉकपिटमधलं गणित डिग्रीचं नसतंच. समजा विमान ३५,००० फुटांवर आहे आणि ५,००० वर उतरवायचंय, म्हणजे ३० हजार फूट खाली यायचंय, तर तीसला तिनानं गुणा, साधारण ९० नॉटिकल मैल आधी खाली यायला सुरुवात करायची. पाढा तिसरीतला आहे हो, पण रेडिओवर कंट्रोलर बोलतोय, शेजारी कॅप्टन काहीतरी विचारतोय, पाठीमागून वारा ढकलतोय म्हणून आणखी आधी उतरायला लागायला हवं, आणि हे सगळं एकदम चालू असताना उत्तर बरोबर यायला हवं, ते सरावानंच येतं. क्लासमधे डिग्रीवाले पण अडकतात आणि नुकतीच बारावी झालेली पोरं पटकन सांगतात, असं मी कितीदा पाहिलंय.

त्याच्या बाबांचंही बरोबर आहे. बऱ्याच एअरलाइन्समधे सगळं सिनिऑरिटीवर चालतं, कोणतं विमान मिळणार, सुट्टी कधी, कॅप्टन कधी होणार, हे तुम्ही कधी जॉइन झालात त्यावर ठरतं, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणाला वयाची मर्यादा ६५. त्यामुळे सुरुवातीची चार वर्षं म्हणजे खरंच मोठी गोष्ट.

तरीपण मी तुमच्या बाजूची आहे. कारण मेडिकल. ते एकदा होऊन संपत नाही, दर वर्षी करावं लागतं, साठीनंतर तर दर सहा महिन्यांनी, आणि फिट येत असेल, हार्टचा त्रास निघाला, शुगरसाठी इन्सुलिन सुरू झालं तर उडणं थांबू शकतं. पस्तिशीत असं झालं आणि हातात बारावीच असली तर माणूस फार हतबल होतो, मी पाहिलंय. म्हणून डिग्री घ्यावीच, पण ट्रेनिंग अडवून नको, दूरशिक्षणानं सोबत करू दे, आणि विषय शक्यतो विमानाबाहेरचा, कॉमर्स म्हणा कॉम्प्युटर म्हणा, जो जमिनीवर पण पोट भरेल.

पण हे सगळं नंतर. फ्लाइंग स्कूलची फी भरायच्या आधी त्याचं क्लास वन मेडिकल करून घ्या. माझ्या क्लासमधल्या एका मुलानं आधी फी भरली, मग मेडिकलला गेला, तिथे रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे त्याला दिसेनात, पुढच्या टेस्टमधे पण तेच. तोपर्यंत त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं की लाल-हिरवा त्याला नीट ओळखू येत नाही.