वर्डप्रेसवरची सभासद साइट आणि मूडल यांना एकच लॉगिन कसं द्यावं?

तुमची वार्षिक वर्गणी घेणारी साइट वर्डप्रेसवर आहे, अभ्यासवर्ग मूडलवर आहेत आणि सभासदांना दोन पासवर्ड सांभाळावे लागतात, असं तुम्ही लिहिलंय. या जोडीसाठी मी मध्ये कीक्लोक, म्हणजे सगळ्या साइटसाठी एकाच जागी लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, बसवेन. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या प्रमाणित पद्धतीमार्फत दोन्हीशी जुळतं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. लॉगिन म्हणजे फक्त ‘हा माणूस कोण’ याचं उत्तर. ‘याची वर्गणी चालू आहे का’ हे मूडलला वेगळ्या वाटेने कळवावं लागतं. ही दुसरी वाट राहून गेली की मुदत संपलेले सभासद खुशाल वर्गात बसतात.

कीक्लोकला किमान २ जीबी रॅम, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि स्वतःचं सबडोमेन द्या. डेव्हलपमेंट मोडमध्ये चालवू नका. पुढे एनजिनएक्स (बाहेरून आलेल्या विनंत्या आत पोचवणारा वेब सर्व्हर) असेल तर प्रॉक्सी हेडर्सचं सेटिंग करा आणि होस्टनेम एचटीटीपीएससकट पूर्ण लिहा. नाहीतर कीक्लोक आपले पत्ते साध्या एचटीटीपीने जाहीर करतं आणि समोरची साइट ते नाकारते. एक रेल्म (सभासदांच्या खात्यांचा स्वतंत्र विभाग), त्यात दोन क्लायंट (म्हणजे लॉगिन मागणाऱ्या तुमच्या दोन साइट), दोन्हींना क्लायंट ऑथेंटिकेशन चालू, फ्लो फक्त स्टँडर्ड. रीडायरेक्टचा, म्हणजे लॉगिननंतर परत जायचा, पत्ता पूर्ण लिहा, शेवटी तारांकन देऊन मोकळे होऊ नका. मूडलसाठी तो साइटच्या पत्त्यापुढे ‘अ‍ॅडमिन/ओऑथ२कॉलबॅक.पीएचपी’ असा असतो. वर्डप्रेससाठी ‘ओपनआयडी कनेक्ट जेनेरिक’ हे प्लगइन घ्या, ते आपला पत्ता सेटिंगच्या पानावरच दाखवतं.

सगळ्यात जास्त वेळ जुने सभासद हलवण्यात जातो. वर्डप्रेसमधले पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांची साठवलेली सांकेतिक रूपं, कीक्लोकला जसेच्या तसे वाचता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाला नवा पासवर्ड ठेवावा लागेल. त्यासाठी अ‍ॅडमिनकडून जाणाऱ्या मेलमधली लिंक मूळ सेटिंगप्रमाणे १२ तासच चालते. रोज मेल न उघडणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना ती हमखास मेलेली मिळणार, तेव्हा रेल्मच्या टोकन्स टॅबमध्ये मुदत ७ दिवस करा आणि मेल थोडे थोडे करून पाठवा. नंतर वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये ‘लिंक एक्झिस्टिंग युजर्स’ चालू करा, म्हणजे जुनं खातं ईमेलवरून जोडलं जाईल. पण त्याआधी कीक्लोकमध्ये ‘व्हेरिफाय ईमेल’ चालू असलंच पाहिजे. नाहीतर कोणीही तुमच्या अ‍ॅडमिनचा ईमेल टाकून नवं खातं काढेल आणि थेट अ‍ॅडमिन म्हणून आत येईल. यात तडजोड नको.

आपल्याकडे नवरा-बायको, कधी आईवडीलही, एकाच ईमेलवर सभासद असतात. कीक्लोकमध्ये ‘डुप्लिकेट ईमेल्स’ला परवानगी देता येते, पण मग ईमेलने लॉगिन बंद ठेवावं लागतं आणि मूडल खाती ईमेलवरूनच जुळवत असल्याने तिकडे गोंधळ होतो. जीमेल असेल तर नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एक शब्द जोडून वेगळा पत्ता बनवा. मेल त्याच डब्यात येतात. बाकीच्यांकडून स्वतंत्र ईमेल मागून घ्या.

मूडलमध्ये ‘सर्व्हर’खाली ओऑथ २ सर्व्हिसेसमध्ये ‘कस्टम’ निवडून रेल्मचा पत्ता दिला की बाकीचे पत्ते ते स्वतः शोधतं. शोध फसला तर आधी एचटीटीपी सिक्युरिटी बघा: मूळ सेटिंगमध्ये मूडल खासगी आयपींना आणि ४४३ व ८० सोडून इतर पोर्टना हात लावत नाही, त्यामुळे ८०८० किंवा ८४४३ वरचं कीक्लोक त्याला दिसतच नाही. शेवटी ‘मॅनेज ऑथेंटिकेशन’मध्ये ओऑथ २ चालू करा, ते विसरलं तर लॉगिनचं बटण येत नाही.

आता वर्गणी. मूडलमध्ये ‘चालू सभासद’ असा एक कोहॉर्ट, म्हणजे सभासदांचा गट, करा आणि प्रत्येक अभ्यासवर्गाला कोहॉर्ट सिंक लावा, म्हणजे गटातल्यांची वर्गात आपोआप नोंदणी होईल. वर्डप्रेसमधून रोज रात्री एक स्क्रिप्ट चालवून मूडलच्या वेब सर्व्हिसने (बाहेरच्या प्रोग्रामला मूडलमध्ये बदल करू देणारी सोय) कोहॉर्टमध्ये माणसं घाला-काढा. पैसे भरल्याक्षणी घालायला जाल तर अडेल, कारण पहिल्या लॉगिनपर्यंत नव्या सभासदाचं मूडलमध्ये खातंच नसतं. पहिल्याच दिवशी वर्ग उघडायचा असेल तर स्क्रिप्ट दर तासाला चालवा. कोहॉर्टमधून काढल्यावर नोंदणी पुसू नका, नुसती स्थगित होईल असं सेटिंग ठेवा. उशिरा वर्गणी भरणाऱ्यांचे गुण आणि प्रगती जपली जाते.

लॉगिन करताना ‘इनव्हॅलिड स्टेट’ ही तक्रार आली तर बहुतेक वेळा कॅशिंग प्लगइनने लॉगिनचं पान साठवलेलं असतं. ते पान कॅशमधून वगळा. पान बराच वेळ उघडं ठेवून मग बटण दाबलं तरी हेच होतं.

दोन्ही साइटवर अ‍ॅडमिनचं साधं पासवर्डवालं लॉगिन चालू राहू द्या. वर्डप्रेसमध्ये आपोआप लॉगिनऐवजी बटणाचा पर्याय निवडा, कारण कीक्लोक बंद पडलं तर आत शिरायला तेवढीच वाट उरते. मूडलमधून बाहेर पडलं तरी कीक्लोकचं सेशन जिवंत राहतं, मूळ सेटिंगप्रमाणे ३० मिनिटं निष्क्रिय जाईपर्यंत किंवा फार तर १० तास. ग्रंथालयातला किंवा घरातला सामाईक संगणक वापरणाऱ्या सभासदांसाठी मूडलच्या मेनूत कीक्लोकच्या लॉगआउटची लिंक वेगळी टाका.