घरोघरी ध्वनिमुद्रण, नाटक मात्र एक

प्रश्न : आमच्या गटातले अकरा जण वेगवेगळ्या गावांत राहतात. प्रत्येकाने मोबाइलवर आपले संवाद मुद्रित करून देवलांचे ‘शारदा’ श्राव्य रूपात करायचे आहे. परवानगी लागेल का? सुरुवात कशी करावी?

उत्तर : देवलांचे निधन १९१६ साली झाले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे मूळ संहितेला परवानगी नको. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि पदांची जुनी ध्वनिमुद्रणे मात्र वापरू नका.

आधी व्हिडिओ कॉलवर सर्वांनी मिळून एक वाचन करा आणि ते मुद्रित करून ठेवा. हे टाळले की जोडताना एक जण भांडतोय आणि दुसरा बातम्या देतोय असे ऐकू येते. पुढे प्रत्येकाने हेडफोनवर त्या वाचनातले समोरच्याचे वाक्य ऐकूनच आपले बोलावे.

संवादांना क्रमांक द्या. प्रत्येक संवाद दोनदा, मध्ये ३ सेकंद शांतता. फोन तोंडापासून वीतभर दूर, जरा बाजूला धरा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फुत्कार बसतो. पंखा बंद. खोलीची १० सेकंदांची नुसती शांतता प्रत्येकाकडून हवीच, कारण दोन वाक्यांमधली फट तिनेच भरायची असते. कोरी फट कानाला लगेच खटकते. फाइल वॅव्ह (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात, सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ, आवाजाची सर्वोच्च पातळी ॲपच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये.

रंगसूचना, म्हणजे संहितेतल्या हालचालींच्या सूचना, निवेदकाला वाचायला द्या. गप्प उभे असलेले पात्र श्रोत्याला दिसत नाही, म्हणून प्रवेशाच्या आरंभीच मंचावर कोण कोण आहे ते सांगा.