उस्तादांच्या जेवणाचे पैसे पोरांनी का भरायचे?

"ताई, उस्तादांचं जेवण क्लीनरनंच भरायचं असतं का?"

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ समुपदेशनाला बसायला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्या पोरांकडून ऐकलाय की आता एखादा दारात घुटमळला तरी मला अंदाज येतो. उस्ताद म्हणजे ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर त्याच्या हाताखालचा पोरगा. क्लीनरचा पगार आठ-दहा हजार, त्यातले दोन-तीन हजार उस्तादांच्या चहा-जेवणात जातात. घरी काय पाठवणार? आणि बोलायची सोय नाही, कारण गाडी शिकवणार उस्तादच. ओळख पटेल असे तपशील बदलून त्यातल्या एकाची गोष्ट सांगते.

बीडकडचा, एकवीस वर्षांचा पोरगा, इंदूर लाइनवर क्लीनर. झोप येत नाही, जेवण जात नाही म्हणून आरोग्य तपासणीला आला होता आणि तिथून माझ्याकडे. दोन भेटी पोटाबद्दलच बोलला. तिसऱ्या भेटीत म्हणाला, "ढाब्यावर बसलो की छातीत धडधडतं. धुळ्याच्या पुढं उस्ताद शेवभाजी मागवतात, मग अजून काय मागवतात तिकडंच माझं ध्यान. मी आपला चहा-पाव खातो."

अशा वेळी आत्मविश्वास, बालपण, वडिलांशी नातं असं खणत बसायचा मोह होतो. मी तो टाळते. पैशाची तक्रार आधी पैशाचीच म्हणून ऐकावी, आकडे मांडावेत, हे माझं बऱ्याच वर्षांचं ठाम मत आहे. मनातलं काय ते आकड्यांच्या मागोमाग येतंच.

"लायसन्स कुठलं आहे तुझं?"

"हलक्या गाडीचं. सहा महिने झाले."

"आणि हेवीचं?"

"उस्तादांनी शिकवलं की मिळंल."

इथेच बहुतेक पोरं फसतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अवजड मालवाहू गाडीसाठी वय २० पूर्ण लागतं आणि हलक्या वाहनाचा परवाना मिळून एक वर्ष व्हावं लागतं. त्याआधी शिकाऊ परवानाही मिळत नाही. परवाना देतो तो आरटीओ, उस्ताद नव्हे. मी त्याला हे सांगितलं आणि विचारलं, "अजून सहा महिने तू रस्त्यावर स्टिअरिंग धरणंच बेकायदा आहे. मग हे रोजचे पैसे कशाचे देतोस?"

तो नखाने टेबलाची कड खरवडत राहिला. "त्यांनी मला गाडीतून उतरवू नये म्हणून."

शिकवणीचे पैसे आपण खुशीने देतो. भीतीपोटी दिलेल्या पैशाची मोजदाद कुणी ठेवत नाही, म्हणून तो आकडा रात्री मोठा होत जातो. मी त्याला पंधरा दिवस वही ठेवायला सांगितली. उस्तादांवर काय खर्च झाला ते तारखेसह लिहायचं, आणि उस्तादांना अवाक्षर बोलायचं नाही.

उस्ताद नंतर साखर तपासायला आले, तेव्हा पोराला विचारून मी दोघांना समोरासमोर बसवलं. पन्नाशीचा माणूस, आवाज भारदस्त. मी वहीचा विषय काढलाच नाही. म्हटलं, "मालकाला ट्रिपचा हिशोब देता ना?"

"रुपयान् रुपयाचा. तीस वर्षांत कुणी बोट दाखवलेलं नाही."

"पोराची खुराकी त्यात कुठे लिहिता?"

ते थांबले. "खुराकीतच. दोघांची एकत्र मिळते माझ्या हातात."

पोराने मान वर केली. आपल्या जेवणाचे पैसे मालक देतो हेच त्याला माहीत नव्हतं! उस्तादांचा चेहरा उतरला, पण मग ते बोलू लागले. पूर्वी टोलची, डिझेलची सगळी खर्ची रोख मिळायची. त्यातून चार पैसे सुटायचे आणि क्लीनरला तेच खाऊ घालायचे. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, त्यांच्या मालकाने डिझेलचंही कार्ड केलं. हातात उरली फक्त खुराकी, आणि घरी दोन पोरींची शिक्षणं. मी त्यांचा दोष कमी केला नाही. पण हे ऐकल्याशिवाय पुढे सरकता आलं नसतं.

मग पोराने स्वतःहून खिशातली वही काढली. उस्तादांनी ती हिसकावलीच. "माझा हिशोब लिहितोस?" चष्मा लावून मोठ्याने वाचू लागले. "जेवण १६०. चहा २०. जेवण १४०." आवाज चढत गेला. "आणि सेंधव्याला तुला ताप आला, गोळ्या कुणी आणल्या? ते नाही लिहिलंस?"

"लिहिलंय उस्ताद. मागच्या पानापासून."

त्यांनी वही उलटी केली. पेन्सिलीने लिहिलं होतं: उस्तादांनी दिले. गोळ्या ८५. चप्पल २२०. त्याखाली, पुढे आकडा न टाकता: टायरवर दांडकं मारून आवाजावरून हवा ओळखायला शिकवलं. ताडपत्रीची गाठ शिकवली. कसारा घाटात रात्रभर जागे राहिले, मला झोपू दिलं.

उस्ताद त्या पानावर बोट ठेवून बसून राहिले.

मी फक्त दिलेलं लिहायला सांगितलं होतं. मिळालेलं लिहायचं हे त्या पोराला सुचलं. तेव्हापासून मी सगळ्यांना वही दोन्ही बाजूंनी लिहायला लावते. एकाच बाजूची वही हातात आली की समोरच्याला ती आरोपपत्रच वाटते.

नव्याने लाइनवर निघालेल्यांना एवढंच सांगेन: गाडी भरायच्या आधी, मालक आणि उस्ताद दोघं समोर असताना विचारा, "माझी खुराकी किती आणि कुणाच्या हातात?" हे विचारणं उद्धटपणा नाही. पहिल्या दिवशी सोपं जातं, दोन महिन्यांनी तेच तोंडातून निघत नाही. उसने दिलेले पैसे जेवणाच्या खर्चात मिसळू नका. ते फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते. हेवीचं लायसन्स हातात आलं की उस्तादांना मनापासून जेवायला घाला, ती गुरुदक्षिणा. आणि उस्तादहो, पोराची खुराकी त्याच्या हातात द्या. तो रोज तुमच्याच शेजारी बसून जेवणार आहे.

त्या दोघांचं ठरलं: खुराकी निम्मी-निम्मी, मागचे पैसे तीन ट्रिपांत फेडायचे. पहिल्या ट्रिपला उस्तादांनी पाचशे दिले, दुसऱ्या ट्रिपला काहीच नाही. पोराने फोन करून सांगितलं, पण आवाजात धडधड नव्हती. "मागितले मी, ताई. म्हणाले, पुढच्या खेपेला. लिहून ठेवलंय."

"जेवलास?"

"शेवभाजी," तो म्हणाला.