डोळ्यातील इंजेक्शनामुळे पायाची जखम अडते का?

आपण विचारले आहे की, मधुमेही वडिलांच्या तळव्याची जखम दोन महिने भरत नाही, तर नवीन रक्तवाहिन्या वाढवणारे औषध मिळते का, आणि डोळ्यात घेतलेल्या इंजेक्शनामुळे ती अडली असेल का. यातील दुसरा प्रश्न आमच्या घरात चार वर्षे धुमसत आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो: माझ्या मते, नाही.

आमचे गाव शिरपूर तालुक्यातले. वडील, म्हणजे आमचे नाना, दर चैत्रात गावाच्या पदयात्रेबरोबर सप्तशृंगी गडावर जात आणि नवसापोटी अनवाणी जात. त्या वर्षी तापलेल्या डांबराने उजव्या अंगठ्याखाली फोड आला, तो फुटून त्यात खडी रुतली, तरी नाना चालत राहिले. कारण एकोणीस वर्षांच्या मधुमेहाने तळव्याची जाणीव केव्हाच गेली होती. घरी परतल्यावर ओसरीच्या फरशीवर उमटलेला ओला ठसा आईला दिसला, तेव्हा आम्हाला जखम कळली.

जवळच्या एका दवाखान्यात सहा आठवडे पट्टी बदलली गेली. साखर उतरली, प्रतिजैविके झाली, पण जखमेचा तळ फिकट पिवळाच राहिला. भरत्या जखमेत दिसणारे लाल, दाणेदार मांस काही धरेना. तो लाल रंग नव्या केशवाहिन्यांचाच असतो. याच काळात मी नानांना धुळ्याला नेऊन डोळ्यात बेव्हॅसिझुमॅबची दोन इंजेक्शने देवविली होती. हे औषध नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते, असे थोरल्या भावाने कुठेतरी वाचले आणि चार पाहुण्यांदेखत तो मला म्हणाला, "डोळा वाचवायच्या नादात तू नानांचा पाय घालवतोयस."

दादाने वाचले ते खोटे नव्हते. प्राणवायू कमी पडला की पेशींतील हिफ नावाचे प्रथिन जागे होते आणि व्हीईजीएफ हा वाढीचा संदेश सोडते. पेशींना प्राणवायूची कमतरता कशी कळते, या शोधाला २०१९ चे नोबेल मिळाले आहे. मधुमेहात हीच यंत्रणा दोन ठिकाणी उलट वागते. उपाशी पडलेला डोळ्याचा पडदा हा संदेश अति सोडतो आणि तेथे ठिसूळ, गळक्या वाहिन्या उगवतात. पायाच्या जखमेत मात्र चढ्या साखरेने हिफच दुबळे पडते आणि हव्या तेथे वाहिनी फुटत नाही. परंतु मात्रा पाहावी की नाही? कर्करोगात हे औषध शिरेतून किलोमागे ५ मिलिग्रॅम किंवा अधिक देतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला किमान ३०० मिलिग्रॅम, आणि तेव्हा जखमा खरोखर रेंगाळतात, म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर किमान २८ दिवस ते टाळतात. डोळ्यात सव्वा मिलिग्रॅम जाते.

नानांचा खरा अडथळा गुडघ्याखालच्या धमनीत होता. सहा आठवड्यांत कोणी पावलाची नाडीसुद्धा चाचपली नव्हती, याचा मला आजही संताप येतो. धुळ्याला डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, झाली; घोट्याचा रक्तदाब दंडाच्या ०.९ पटीहून खाली नसावा, तो नानांचा ०.६ निघाला. केळीच्या बागेत मेन लाईनच तुंबली असेल तर नळ्या बदलून झाडाला पाणी मिळत नाही, हे दादाला मला समजवावे लागू नये. अँजिओप्लास्टी झाली, मृत मांस काढले गेले आणि अंगठ्याखालचा भार काढणारा बूट आला. तिसऱ्या आठवड्यात तळ लाल झाला आणि साडेतीन महिन्यांत जखम मिटली. मधल्या काळात डोळ्यातील तिसरे इंजेक्शनही घेतले होते, हे दादा अजून ऐकून घेत नाही.

आपल्या पहिल्या प्रश्नाबद्दल: बेकाप्लर्मिन हे वाढीच्या घटकाचे, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनाचे, मलम अमेरिकेत १९९७ साली मान्य झाले. पण ते रक्तपुरवठा चांगला असलेल्या, स्वच्छ केलेल्या जखमेसाठी आहे. तुंबलेली धमनी ते उघडत नाही आणि जखमेवर चालणे थांबवल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साचल्याने घोट्याचा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाबही मोजायला सांगा.

एक मात्र मान्य करतो की डोळ्यातील औषधाचा थोडा अंश रक्तात उतरतो. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला असेल, तर इंजेक्शनाचा निर्णय डॉक्टरांनी विचारपूर्वकच घ्यायचा असतो. म्हणून जखमेची गोष्ट डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि इंजेक्शनाची पायाच्या डॉक्टरांना अवश्य सांगा, पण ते आपल्या मनाने थांबवू नका. बोट काळे पडले, दुर्गंधी आली किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.