गोळी सकाळी घ्यायची का रात्री

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम, म्हणजे नैराश्य आणि चिंतेवरची गोळी, १० मिलिग्राम दिलीये, दिवसातून एकदा, आणि कधी घ्यायची ते विचारायचं राहून गेलं, मग नेटवर शोधलंस तर अर्धे म्हणतात सकाळीच, अर्धे म्हणतात रात्रीच, आणि त्या गोंधळात स्ट्रिप अजून बॅगेतच पडून आहे. मी इतकी वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे, हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच, आणि तेही आजूबाजूला कोणी नाही ना बघून, हळू आवाजात. तू सरळ विचारलंस हे मला फार आवडलं.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. या गोळीसाठी घड्याळातला अमुकच वाजता असा कुठला जादूचा आकडा नाहीये. एस्सिटालोप्राम शरीरातून अर्धी कमी व्हायलाच साधारण ३० तास लागतात, म्हणजे आज घेतलेली गोळी उद्याही काम करतच असते, रोज घेत गेलास की आठवड्याभरात रक्तातलं प्रमाण एका पातळीवर येतं आणि मग सकाळ-रात्रीने त्यात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींनी, एक म्हणजे रोज त्याच वेळेला घेतोस का, आणि दुसरं म्हणजे तुझ्या झोपेचं आणि पोटाचं काय होतंय.

पण वेळ ठरवायच्या आधी प्रिस्क्रिप्शन काढ आणि नीट बघ. गोळीच्या नावापुढे १-०-० किंवा ०-०-१ असं लिहिलंय का? पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. एचएस असेल तर झोपताना. नुसतं ओडी असेल तर दिवसातून एकदा, वेळ सांगितलेली नाही. आणि आता स्ट्रिप उलटी कर आणि बारीक अक्षरातले घटक वाच, हे कंटाळा न करता कर, कारण आपल्याकडे एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून देतात, ब्रँडच्या नावाला बऱ्याचदा प्लस जोडलेलं असतं, आणि ती गोळी वेगळी. क्लोनाझेपामने झोप येते, सवयही लागू शकते, म्हणून डॉक्टर सहसा ती रात्री आणि थोड्याच दिवसांसाठी देतात. तशी गोळी आपल्या मनाने सकाळी घेऊन टू-व्हीलरवर बसायचं नाही म्हणजे नाही, आणि मध्येच एकदम बंदही करायची नाही. त्यात दोन घटक दिसले तर मी सांगितलेलं बाजूला ठेव आणि थेट डॉक्टरांना फोन लाव.

नुसतं एस्सिटालोप्राम असेल आणि डॉक्टरांनी वेळ लिहिलेली नसेल तर मी म्हणेन सकाळी नाश्त्यानंतर सुरू कर. कारण सांगते. पहिले आठ-पंधरा दिवस काही जणांची झोप या गोळीने उडते, जीव उगाच अस्वस्थ होतो, आणि रात्री घेतली तर तोच त्रास अंथरुणात भोगायला लागतो. उलट काहींना सुस्ती येते, दुपारी अभ्यासिकेत पुस्तकावर डोकं टेकतं, अशांना रात्रीच बरी. तू यातला कुठला हे आधीच कोणी सांगू शकत नाही, आठवडाभर घेऊन बघावं लागतं. मग बदलायचं वाटलं तर डॉक्टरांना विचारून बदल, आणि विचारल्यावरही सकाळची घेतली आणि संध्याकाळी परत एक असं करायचं नाही, वेळ हळूहळू सरकवायची.

तू लिहिलंयस की रात्री दोनपर्यंत वाचतोस आणि नऊला उठतोस. मग तुझी सकाळ नऊची, सहाला अलार्म लावून उठायची गरज नाही. नाईट शिफ्ट करणाऱ्यांनाही मी हेच सांगते, आपण उठतो तेव्हा आपली सकाळ. आणि एक स्पष्ट बोलते, रात्री अकरानंतर दोन-दोन चहा घेऊन झोप येत नाही म्हणून गोळीला दोष देऊ नकोस, आधी तो चहा कमी कर.

मळमळीबद्दल. ही गोळी सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करते, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नाही, आतड्यांत असतं, म्हणून ही औषधं सुरू केली की पोट आधी कुरकुरतं. पोटभर नाही तरी काहीतरी खाऊन घे, पोहे खा, चपाती खा, उपवास असेल तर केळं खा, पण उपवास आहे म्हणून गोळी चुकवू नकोस. नवरात्रात हे दरवर्षी बघते, नऊ दिवस गोळ्या बंद करतात आणि दसऱ्याला चक्कर येतेय म्हणून दुकानात येतात.

आणि तुझी गोळी म्हणजे सगळ्यांची नाही बरं का. नैराश्यावरच्या गोळ्या बऱ्याच आहेत, तुझ्या मित्राला त्यातली मिर्टाझापिन असेल तर ती झोपतानाच, तिने झोप येते आणि भूकही वाढते. अमिट्रिप्टिलिनही रात्रीच. फ्लुओक्सेटिन आणि बुप्रोपिऑन बहुतेकांना सकाळी देतात कारण झोप उडते. व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जाते, एखादा दिवस चुकला तरी डोकं गरगरतं, काहीजण डोक्यात करंट बसल्यासारखं होतं म्हणतात, म्हणून तिला वेळ अगदी कडक पाळायची आणि जेवणासोबत घ्यायची. त्यामुळे एकमेकांचं वेळापत्रक कॉपी करू नका.

विसरण्याचं सांगते. त्याच दिवशी आठवलं तर घे, दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून दे, दोन एकत्र कधीच नाही. घेतली का नाही तेच आठवत नाही असं फार होतं, त्यावर सोपा उपाय म्हणजे मार्करने स्ट्रिपच्या चंदेरी बाजूला प्रत्येक गोळीमागे वार लिहून ठेवायचा, सोम मंगळ बुध, मग नुसतं बघितलं तरी कळतं. आणि स्ट्रिप कापून नेलीस तर नाव आणि एक्स्पायरी असलेली बाजू शेवटपर्यंत राहू दे. रूममेटला दिसू नये असं वाटत असेल तर गोळी ब्रशच्या मगाजवळ ठेवू नकोस, पाकिटात ठेव, पण लपवायच्या नादात जिथे लक्षच जात नाही अशी जागा निवडू नकोस.

फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा, आणि त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात. हा काळ अवघड असतो, गोळी फेकून द्यावीशी वाटते, तेव्हा मला फोन कर. आणि हे नीट ऐक, पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत किंवा डोस बदलताना कधीकधी बेचैनी फार वाढते, स्वतःला संपवायचे विचार येऊ शकतात, आले तर त्यात तुझी चूक काही नाही पण एकटा बसायचं नाही, डॉक्टरांना किंवा मला लगेच सांगायचं, रात्री-अपरात्री टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. याच्या उलट झोप न घेताही अंगात प्रचंड जोर आला, डोक्यात कल्पना थांबेनात, पैसे उधळावेसे वाटले तर तेही त्याच दिवशी डॉक्टरांना सांग, खुश होऊन गप्प बसू नकोस.

दुकानातून मनाने डोकेदुखीची गोळी घेताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक सारखी घेऊ नकोस, एस्सिटालोप्रामसोबत पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. साधी पॅरासिटामॉल चालते. ट्रामाडॉल ही जोरदार वेदनेवरची गोळी असेल तर केमिस्टला आधी सांग तू काय घेतोयस. दारू टाळ.

बरं वाटायला लागलं की बंद करायची घाई होते सगळ्यांना. बरं वाटल्यावरही पुढे सहा-नऊ महिने तरी चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करताना डोस हळूहळू कमी करतात. दिवाळीला गावी जाशील तेव्हा स्ट्रिप हातातल्या बॅगेत ठेव, डिकीतल्या नको, आणि चार-पाच गोळ्या जास्तीच्या घे, गावात तो ब्रँड मिळेलच असं नाही.

उद्या उठलास की नाश्ता कर आणि घे. पुढच्या व्हिजिटची तारीख कळव, आणि तोवर झोप किती वाजता लागली एवढं रोज वहीत एका ओळीत लिही, डॉक्टर त्यावरूनच वेळ बदलायची का ते ठरवतील.

तुझी काकू