मुलगी म्हणते व्हायरसवर नाही, पेशीवर औषध शोधायचंय. शिकू द्यावं का?

नमस्कार ताई, तुमचं बार्शीहून पत्र आलं. मुलगी टीवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे, ती म्हणते व्हायरसला थेट न मारता आपल्या पेशीतले सिग्नल दाबून त्याची कोंडी करणारी औषधं शोधायचीत, आणि तुम्ही विचारताय असं खरंच काही असतं का, की सरळ बीएड करायला लावू.

असतं ताई, आणि पोरीने बरोबर हेरलंय! व्हायरसचं स्वतःचं असं फार थोडं असतं, बाकी सगळं तो आपल्या पेशीचं वापरतो. फ्लूचंच घ्या, तो पेशीच्या केंद्रकात शिरून स्वतःच्या कॉप्या काढतो पण त्या बाहेर न्यायला त्याला पेशीतला मेक-अर्क नावाचा सिग्नल लागतो, तो औषधाने दाबला की कॉप्या आतच अडकून पडतात. व्हायरस रूप बदलून औषधाला चकवतो, आपली पेशी तशी पटापट बदलत नाही, फायदा तिथेच आहे. पण हे सिग्नल आपल्यालाही लागतात ना, म्हणून साइड इफेक्टची काळजी मोठी. तरी एचआयव्हीवरचं मॅराविरॉक हे औषध २००७ पासून वापरात आहे, ते पेशीवरचा सीसीआर५ हा दरवाजाच अडवतं. बॅरिसिटिनिब ही मूळची संधिवाताची गोळी, २०२२ मध्ये अमेरिकेत कोविडच्या अ‍ॅडमिट पेशंटसाठी मंजूर झाली, पण ती व्हायरसची कोंडी करण्यापेक्षा मुख्यतः भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करते, हा फरक मुलीला नीट कळलेला असू दे.

आता शिक्षणाचं. नुसतं व्हायरॉलॉजी नाव बघून कोर्स घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण यात सेल बायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री पक्की लागते. पुण्यात एनआयव्ही ही विषाणू संस्था आहे, एनसीसीएस हे पेशींवरच्या संशोधनाचं केंद्र आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, तिथल्या लॅबची कामं तिने वेबसाइटवर बसून वाचावीत. बायोटेक एमएस्सीसाठी गॅट-बी आणि जॅम या प्रवेश परीक्षा द्याव्यात, मग नेट. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की महिना ३७,००० रुपये येतात म्हणजे पीएचडीचा भार घरावर पडत नाही, पण पाच-सहा वर्षं जातात हे आत्ताच धरून चाला.

आणि हे काम पुस्तकातलं नाही. पेशी वाढवायच्या म्हणजे त्यांचं गुलाबी-लालसर मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते पोषक द्रव, दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, पिवळं पडलं तर उशीर झाला, मग रविवार असो की भाऊबीज. तिला हे एकदा स्पष्ट विचारा, ती हो म्हणाली तर बीएडचा फॉर्म यंदा भरू नका.